शाळेतले १४ दिवस : ग्राम कृती दलाची वही सापडली आहे

पाणंद (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात पावसाआधीची झाडलोट करताना माळ्यावर एक दोनशेपानी वही सापडली. वर्तमानपत्राचं कव्हर आणि त्यावर माझ्याच अक्षरात ‘ग्राम कृती दल, २०२०’. झाडू बाजूला ठेवून तिथेच बसले आणि दिवेलागणीपर्यंत वाचत राहिले.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. तीन वाड्या, शंभरेक उंबरे, त्यातले निम्मे एरवी कुलूपबंद. मार्च २०२० मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला पहिला रुग्ण आमच्याच तालुक्यात सापडला. तोवर करोना म्हणजे टीव्हीवरची गोष्ट होती. शिमग्याच्या पालख्या घरं घेऊन जेमतेम सहाणेवर (पालखीच्या चौथऱ्यावर) परतल्या होत्या, शेवया-पापडांची वाळवणं अंगणात होती, आणि एकदम सगळ्यांच्या छातीत धस्स झालं. २४ तारखेच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. मग सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटातर्फे मी, असं दल झालं. माझं अक्षर बरं म्हणून बाहेरून येणाऱ्यांच्या नोंदीची वही माझ्याकडे आली.

रकाने असे आहेत : अनुक्रमांक, नाव, कुठून आले, कोणत्या वाहनाने, किती वाजता, कुठे ठेवले, चौदावा दिवस, ताप-खोकला. लहान मुलांची नावं आम्ही लिहीत नव्हतो. ‘मूल – १’, ‘मूल – २’ एवढंच.

मार्चमध्ये पानाला दोन-तीन नोंदी. मे महिन्यात एकेका दिवसाची दोन-दोन पानं. मुंबई, विरार, नालासोपारा, कल्याण, पुणे. आपलीच माणसं, ज्यांच्या वर्गणीवर आपला सप्ताह होतो ती.

एका नोंदीपाशी मी थांबते ती तिथेच अडकते. १७ मे. रात्री २.१०. मोठी दोन, मूल २ (त्यातलं एक अंगावरचं). टेम्पोवाल्याने फाट्यावर उतरवलं, तिथून चालत. ‘कुठे ठेवले’ च्या रकान्यात मी लिहिलंय, ‘शाळा भरली. पार.’

म्हणजे विलगीकरणाच्या शाळेत जागा उरली नव्हती, म्हणून देवळापुढच्या वडाच्या पारावर. त्यांचं स्वतःचं घर वाडीत होतं, पण त्यात भाऊ राहत होता आणि राहत्या घरात बाहेरून आलेल्याला घ्यायचं नाही असं सभेत ठरलं होतं. सभेत हात वर करणाऱ्यांत मी होते. ते बाळ पहाटेपर्यंत रडत होतं. वाडीत कोणाला ऐकू आलं नसेल असं नाही, मेच्या रात्री खिडक्या उघड्याच असतात. एकाही घरात दिवा लागला नाही. माझ्याही घरात नाही. उजाडल्यावर मी चहाची किटली नेली आणि चार हातांवर ठेवून मागे सरकले. ती बाई काही बोलली नाही. बाळाला पदराखाली घेऊन नुसती बघत राहिली.

हे मला इतक्या वर्षांत कोणाला सांगता आलेलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या गावात बाहेरून आलेल्यांचं काय केलंत? खरं खरं लिहा, चांगलं-वाईट दोन्ही. आणि या वहीचं मी काय करू? हिच्यात नावं आहेत, कोणाला ताप होता ते आहे. यजमान म्हणतात बंबात घाल.

खाडीपलीकडे

धागा वाचून गलबललो. पण ताई, त्या वेळची दुसरी बाजूही इथे आली पाहिजे. मीही आमच्या दलात होतो.

आमच्या पंचक्रोशीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात एक डॉक्टर. गावात राहणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची, कोणाला साखर, कोणाला दमा. सुरुवातीला स्वॅब तपासायला मिरजेला जायचे. रिपोर्ट चार-चार, पाच-पाच दिवसांनी हातात पडायचा. रत्नागिरीत प्रयोगशाळा सुरू झाली ती जूनमध्ये, म्हणजे मेमधली सगळी गर्दी येऊन गेल्यावर. समोर उभा असलेला माणूस बाधित आहे की नाही हे कळायचा रस्ताच नव्हता. १४ दिवस वेगळं ठेवणं एवढंच हातात होतं. आम्ही भ्यायलो होतो हे खरं, पण ती भीती खोटी नव्हती.

पाणंदीवर बाभळी आणि चिरे टाकून रस्ता अडवला ती मात्र आमची चूक होती. एकदा रात्री बाळंतिणीची रिक्षा त्याच अडसरापाशी थांबली. पोरांनी अंधारात चिरे उपसले. दुसऱ्या दिवसापासून अडसर काढून टाकला आणि पाळीने माणूस बसवला.

लालबागकर

मी त्या वहीच्या रकान्यातला माणूस. गाव राजापूर तालुक्यात.

लालबागला आमची दहा बाय बाराची खोली, त्यात सात माणसं. संडास मजल्यावर सामायिक. चाळीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा खालचं फाटक बंद केलं. एप्रिलपासून पगार अर्धा झाला. घरात बसा म्हणत होते, पण सात माणसं एका वेळी बसतील एवढी जागाच त्या घरात नव्हती. मेमध्ये ई-पास मिळाला, गाडी ठरवली, कशेडीच्या नाक्यावर रांगेत अख्खी रात्र गेली. ताप बघितला, हातावर शिक्का मारला. तो शिक्का घेऊन गावच्या वेशीवर उतरलो तेव्हा समोर उभे असलेले सगळे माझे शाळासोबती. तोंडावर रुमाल. “पुढे येऊ नको, सरळ शाळेत जा,” म्हणाले.

ज्या वर्गात मी पाढे म्हटले त्याच वर्गात १४ रात्री काढल्या. तीन कुटुंबं, मध्ये साड्यांचे पडदे. खिडकीतून आमच्या घराची कौलं दिसायची. आई रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि गडग्यावर ठेवून लांब उभी राहायची. मी डबा उचलला की ती जायची. कधी कुळथाची पिठी आणि भात, कधी फणसाची भाजी. एक दिवस बांगड्याचं तिखलं पाठवलं होतं, केळीच्या पानात बांधून. भांडं परत घ्यायचं नाही अशी ताकीद होती ना, म्हणून पानात. त्या दिवशी मी जेवताना रडलो.

राग शाळेत ठेवल्याचा नाही. घरी सत्तर वर्षांची आई होती, तिला काही झालं असतं तर? खटकलं ते नंतरचं. १५ वा दिवस उजाडला तरी विहिरीवर गेलो की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. महिनाभर आम्हाला ‘मुंबैवाले’ म्हणत होते. माझा जन्म त्याच गावातला आहे.

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. १२ तारखेच्या आत पोचलं तर १० दिवस विलगीकरण, उशीर झाला तर चाचणी करून यायचं, असा नियम आला. मी जुलैत कामावर परत गेलो होतो, एवढी रजा कोण देणार? जन्मल्यापासून पहिल्यांदा घरच्या गणपतीला नव्हतो. भावाने व्हिडिओ कॉल लावला, आरती अर्ध्यावर आली आणि रेंज गेली. उरलेली आरती आम्ही सातजणांनी लालबागच्या खोलीत म्हटली.

पाणंदताई, वही जाळू नका.

माडाखाली

मालवणातून लिहिते आहे. आमच्याकडे वाडीची बैठक आजीच्या ओटीवर झाली. चाकरमान्यांना येऊ द्यायचं नाही यावर सगळ्यांचं जवळजवळ एकमत होतं. आजी आतून काठी टेकत आली आणि म्हणाली, “तेंच्याच पैशान देवळाचो कळस चढलो, आणि आता तेंका बेड्याभायर ठेवतास?” (बेडं म्हणजे आवाराचं फाटक.) बैठक तिथेच मोडली.

मग मार्ग निघाला तोही तिच्याच तोंडून. “बंद घरां कित्याक आसत?” खरंच होतं. वाडीत अकरा घरं कुलूपबंद, किल्ल्या सगळ्या शेजाऱ्यांकडे, दिवाबत्तीसाठी ठेवलेल्या. मालकांना फोन केले. नऊ जणांनी लगेच हो म्हटलं. एकेका कुटुंबाला एकेक अख्खं घर दिलं. आदल्या दिवशी झाडून, विहिरीचं पाणी भरून, चुलीपाशी लाकडं रचून, तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, मीठ ठेवून यायचं. संडास स्वतःचा, परसू स्वतःचं, मुलांना खेळायला खळं. १४ दिवस कोणी त्या घराच्या बेड्यात शिरायचं नाही, एवढाच नियम. जिथे घर नव्हतं तिथे बागेतला मांगर (खोपटं) दिला.

आमच्या वाडीत त्यातून एकालाही लागण झाली नाही. शाळेत सगळ्यांना एकत्र कोंबलं असतं तर एकाचा सगळ्यांना झाला असता, हे मला आजही वाटतं.

पाणंद (धागाकर्ती)

माडाखाली, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. आमच्या गावातही किल्ल्या शेजाऱ्यांकडेच होत्या. माझ्याकडेच दोन घरांच्या होत्या, देवघराच्या खुंटीला. १७ मेच्या रात्रीही त्या तिथेच होत्या. सुचलं नाही हे खरंच. दुसऱ्याच्या घराचं कुलूप त्याच्यामागे उघडायचं नाही, हे इतकं अंगात भिनलेलं, की फोन करून विचारता येईल हेही डोक्यात आलं नाही.

आगरातली

श्रीवर्धन. आमच्याकडे या सगळ्याचा निकाल ३ जूनने लावला.

निसर्ग वादळ त्या दिवशी दुपारी आमच्या किनाऱ्यावर आदळलं. शाळेत तेव्हा विलगीकरणातली चार कुटुंबं होती. वाऱ्याने आधी व्हरांड्याचे पत्रे नेले, मग वर्गाची कौलं उडायला लागली. माझे दीर आणि आणखी दोघं झाडं पडत असताना वाकून वाकून तिकडे गेले आणि सगळ्यांना घेऊन आले. आमच्या माजघरात त्या दुपारी एकवीस माणसं होती. कोण मुंबईचं, कोण कितव्या दिवसाचं, कोणी विचारलं नाही. मी पिठलं-भात टाकला आणि सगळे एका पंगतीला बसलो.

संध्याकाळी बाहेर आलो तर ओळखीचं काही उरलं नव्हतं. सासऱ्यांनी लावलेली आगरं आडवी. श्रीवर्धनची रोठा सुपारी ऐकून माहीत असेल, तिची उभी झाडं काडीसारखी मोडून एकमेकांवर पडलेली. नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात, आणि लावणारा माणूस सत्तरीचा. वीज कित्येक आठवडे नव्हती. पंप बंद, म्हणून जुना रहाट साफ करून पुन्हा दोर बांधला. मोबाईल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग लागायची. मास्क, अंतर हे शब्दच काही दिवस विसरलो होतो, कारण फांद्या तोडायला चार माणसं एकत्र यावीच लागतात.

आणि हेही लिहिते : विलगीकरणात होते त्यांच्यातल्या दोघांनी, जे मुंबईत सुतारकाम करतात, पुढचा महिनाभर वाडीतल्या प्रत्येक घराचं छप्पर बांधून दिलं. एक पैसा घेतला नाही.

खाडीपलीकडे

आगरातली, नमस्कार तुमच्या दिरांना.

देवगडची लेक

मी घरच्या आंब्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे बाहेरून येणाऱ्यांपेक्षा बाहेर जाणाऱ्याची चिंता मोठी होती.

लॉकडाऊन लागला तेव्हा हापूस झाडावर तयार होत होता. आंबा थांबत नाही. वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. गाडीवाला जायला तयार नाही, कारण परत आल्यावर त्यालाच १४ दिवस बसवणार. बागेतले राखणीचे नेपाळी कामगार आमच्याकडेच अडकले, त्यांना घरी जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. ते आणि आम्ही मिळून काढणी केली. वडील पडवीत आढीपाशी बसून नुसते पेट्यांकडे बघायचे. मी त्यांना इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं.

मग पुण्यातल्या मावशीने तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं, “माझ्या बहिणीच्या बागेतला आंबा, कोणाला हवाय?” दोन दिवसांत साठ पेट्यांची यादी आली. मी वहीत मांडलं : सोसायटी, माणूस, किती डझन, पैसे आले का. कृषी खात्याकडून वाहतुकीचा पास काढला. एक टेम्पो, पाच सोसायट्या, फाटकावर उतरवून यायचं. पुढे मेमध्ये एसटीने मालवाहतूक सुरू केली, रत्नागिरीहून बोरिवलीला आंबा गेला, तेव्हा आमच्याकडेही धीर आला.

दलाल आणि अडत्याशिवाय आपला आंबा खाणारा माणूस कोण, हे वडिलांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. एका आजींनी फोन करून विचारलं, “पेटीत गवत कसलं घातलंत हो? वास फार छान आहे.” भाताचा पेंढा होता. वडील तो फोन अजून सांगतात. त्या यादीतली जवळपास चाळीस घरं आजही आमच्याकडूनच घेतात.

दुसऱ्या वर्षी १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं आणि झाडावर उरलेला सगळा आंबा एका रात्रीत खाली आला. तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. पण त्याबद्दल मला लिहवत नाही.

बंदरावरची

मासळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. घर रत्नागिरीच्या बंदराजवळ.

मार्चअखेर बोटी बांधून ठेवल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राने मासेमारीला सूट दिली, पण बर्फाचा कारखाना बंद असेल तर मासे आणून ठेवायचे कुठे? आणि लिलावाला गर्दी करायची नाही म्हटलं तर लिलाव होणार कसा? मोठ्या बोटींचं काही महिन्यांनी सावरलं. खरी मोडली ती पाटी घेऊन वाड्यांतून फिरणारी बाई. माझी आई तीस वर्षं त्याच घरांत जाते. तिला प्रत्येक घरची आवड माहीत, कोणाला सौंदाळे, कोणाला मांदेली. त्या एप्रिलमध्ये पाच वाड्यांच्या तोंडावरून तिला परत पाठवलं. पाटीतले मासे तिने मीठ लावून वाळत घातले.

पुढे १ जूनला नेहमीची पावसाळी बंदी लागली, ती ३१ जुलैपर्यंत. म्हणजे सलग चार महिने घरात पैसा नाही. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळत होता, त्यावर आणि सुकटीवर निभावलं.

तिच्या एका गिऱ्हाईक काकूंनी जूनमध्ये नातवाच्या हाती तांदळाची गोणी आणि आंबापोळी पाठवली. चिठ्ठी होती, “बंदी उठली की पहिली पाटी आमच्याकडे.” १ ऑगस्टनंतर आई पहिली तिथेच गेली.

निवृत्त मास्तर

वहीबद्दल माझं म्हणणं आधी सांगतो : जाळू नका.

कारण असं. माझी आजी ‘मानमोडी’ हा शब्द वापरायची. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे ते नाव होतं. मुंबई बंदरातून ती साथ आली, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातली लाट सगळ्यात मारक होती. आजी सांगायची, एकाला पोचवून आले की दुसरा तयार. पण आमच्या गावात तेव्हा किती गेले, मुंबईहून कोण आलं, त्याला गावाने घेतलं की नाही, याचा एक कागद नाही. मी निवृत्तीनंतर दोन वर्षं शोधलं. त्याआधीच्या १८९६ च्या प्लेगमध्येही मुंबईची माणसं लोंढ्याने कोकणात परतली होती. ती कुठे उतरली, कुठे राहिली? आमच्या गावापुरतं तरी कोणी लिहून ठेवलं नाही.

मालवणजवळ आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत गावपळण असते. देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहतो. तिचं मूळ जुन्या साथींत असावं असं सांगणारे आहेत. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते. तिथे बाहेर जायचं तर सगळ्यांनी जायचं. एकाने पारावर आणि बाकीच्यांनी घरात, असं नाही.

आता शाळेबद्दल, कारण तो माझा विषय. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो रद्दच झाला. जूनपासून ऑनलाईन म्हटलं. आमच्या खोऱ्यातल्या वाडीत रेंज नाही, वर सड्यावर (कातळाच्या माळावर) आहे. पावसाळ्यात मुलं प्लास्टिकचं इरलं पांघरून सड्यावर कातळावर बसायची, एका फोनभोवती चौघं. दोन तरुण शिक्षकांनी महिनाभर ते पाहिलं आणि मग स्वतःच वाडीवाडीत जाऊ लागले. ओटीवर पाच मुलं, पडवीत पाच, सारवलेल्या जमिनीवर खडूने गोल काढून. मीही अधूनमधून गणित घ्यायला जायचो. तिसरीतली एक मुलगी त्या दीड वर्षात वाचायला विसरली होती. ती आता आठवीत आहे, अजून अडखळते.

आशा_दापोली

मी आशा आहे. ताईंच्या वहीत आशाताई म्हणून जिचा उल्लेख असेल तशीच एक.

आमच्या हाती सुरुवातीला काही नव्हतं. ओढणी तोंडाला बांधून पहिला सर्व्हे केला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर मिळाला. दिवसाला पन्नास घरं. चढ-उताराच्या वाड्या, एक घर या टेकडीवर तर दुसरं त्या. ज्या घरातली बाळं मी लसीला नेली, बाळंतिणींना सोबत केली, त्या घरातून “लांबूनच बोल” ऐकलं. माझ्या सासूने मला दोन महिने पडवीत वेगळी चूल मांडून दिली होती. दुष्टपणा नव्हता तो. घरात तान्हा नातू होता.

दुसरी लाट वेगळी होती. एप्रिल-मे २०२१. पहिल्या वर्षी आजार शहरातून येत होता, आता वाडीतल्या वाडीत फिरत होता. हळदीच्या कार्यक्रमाला गेलेली अख्खी घरं आजारी पडली. घरीच ठेवलेल्यांना मी सहा मिनिटं चालायला लावायचे, चालण्याआधी आणि नंतर बोटाला यंत्र. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला, तर गाडी बोलवायची. किती जणांनी मला शिव्या दिल्या, “धडधाकट माणसाला दवाखान्यात टाकतेस.” धडधाकटच दिसायचे ते. बोलायचे, चहा प्यायचे, आणि आकडा ८४.

एका आजोबांच्या घरचे दोन दिवस ऐकेनात. तिसऱ्या दिवशी बेड शोधत गाडी तीन ठिकाणी फिरली. ते परत आले नाहीत. मी आणखी जोर लावायला हवा होता का, हे मी अजून स्वतःला विचारते.

लसीचं तर वेगळंच. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना सुरू झाली, तेव्हा म्हातारी माणसं घाबरून येत नव्हती. मी आधी माझ्या आईला नेलं, मग तिने बाकीच्यांना आणलं. १ मेपासून तरुणांची नोंदणी फोनवर. फोनवाले लांबून लांबून येऊन आमच्या केंद्रावरची जागा पकडायचे, आणि दारातली पोरं रेंज नाही म्हणून बाहेर उभी. शेवटी आम्ही मुलींनी सड्यावर बसून गावातल्यांची नोंदणी केली.

पाणंदताई, ‘मूल – १’ वाचून एक सांगते. आमच्याही रजिस्टरमध्ये तसंच होतं. पण प्रत्येक मुलाचं नाव मला पाठ आहे.

लालबागकर

आशाताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या बायकोला वाचून दाखवलं. आमच्या गावच्या आशाताई शाळेच्या दाराशी रोज सकाळी येऊन सगळ्यांना नावाने हाक मारायच्या. १४ दिवसांत आम्हाला नावाने हाक मारणारं ते एकच माणूस होतं.

निवृत्त मास्तर

पाणंदताई, एक सुचवतो. वहीची नक्कल करा, नावं आणि ताप-खोकल्याचा रकाना गाळून. तारीख, कुठून आले, कसे आले, कुठे ठेवले, एवढं राहू द्या. ती नक्कल गावच्या वाचनालयात ठेवा. मूळ वही तुमच्याकडे, कुलपात.

माडाखाली

मास्तरांना अनुमोदन. शेवटच्या पानावर बंद घरांची यादी आणि किल्ली कोणाकडे आहे तेही लिहून ठेवा, मालकांना विचारून. आमच्या वाडीने तशी यादी केली आहे. चिपळूणच्या पुरात, जुलै २०२१ मध्ये, ती पुन्हा लागली. नात्यातली दोन कुटुंबं तिकडून आली होती.

पाणंद (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. नक्कल करायला घेतली आहे, मेच्या मध्यापर्यंत आले. यजमान आता रकाने आखून देतात.

एक राहिलं होतं ते काल केलं. १७ मेच्या नोंदीतली ती बाई सुट्टीला गावी आली आहे. दरवर्षी येते, देवळात दिसते, मी मान खाली घालून पुढे जाते. काल वही घेऊन तिच्या घरी गेले. ओटीवर बसलो. मी पान उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, “त्या रात्री माझ्याकडे दोन घरांच्या किल्ल्या होत्या.” पुढे बोलता येईना.

तिने पान वाचलं. बराच वेळ वाचत होती, चार ओळी तर होत्या. मग म्हणाली, “पारावर वारा बरा होता. मुंगळे फार होते, म्हणून रडत होता तो.” आत जाऊन तिने कोकम सरबत आणलं. मी तिला सगळं सांगितलं, सभेत हात वर केल्यापासून. “मला राग होता, काकी,” ती म्हणाली. “दोन वर्षं होता. तुमच्यावर नाही, सगळ्या वाडीवर.” आता आहे का, हे मी विचारलं नाही.

खळ्यात पोरं खेळत होती. त्यातला धाकटा, आता पहिलीत जाणारा, आंब्याचा बाठा चोखत येऊन तिच्या मांडीला टेकला आणि वहीत डोकावला. तिने माझ्या हातातलं पेन मागून घेतलं, ‘मूल २’ वर एक रेघ मारली आणि त्याच्या वर, बारीक अक्षरात, दोन्ही मुलांची नावं लिहिली.